तीस पौंडांचं कार्ड

नमस्कार श्रोतेहो. आज ब्रिटनमधल्या एका सरकारी खर्चाबद्दल बोलायचं आहे. कागदावर तो खर्च वाटतच नव्हता.

2005 साली तिथे निवडणूक होती. टोनी ब्लेअर यांच्या सरकारला नागरिकांसाठी बोटांच्या ठशांचं ओळखपत्र आणायचं होतं आणि त्यामागे सगळ्यांच्या नोंदींची एक राष्ट्रीय नोंदवही. लिबरल डेमोक्रॅट पक्षाने जाहीरनाम्यात म्हटलं, कार्ड नको, त्या पैशांत 10,000 जादा पोलीस नेमू.

सरकारचं म्हणणं असं की, यातला बराचसा पैसा तिजोरीतला नाहीच. लोक फी भरतील, खर्च निघेल. मग कार्ड रद्द करून पोलिसांसाठी उरणार काय?

मला हे म्हणणं मनापासून खटकतं. फी घ्या नाहीतर कर घ्या, खिसा तोच. कर निदान कमाई बघून बसतो. फी मात्र बँकेच्या संचालकाला तीस पौंड आणि झाडूवाल्यालाही तीसच. शिवाय फीतून चालणाऱ्या योजनेला दवाखाना, शाळा, पोलीस यांच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. ‘आधी कोण?’ हा प्रश्न तिला कुणी विचारतच नाही.

आकड्यांचंही तसंच. पासपोर्ट धरून वर्षाला 58 कोटी 40 लाख पौंड लागतील, असा सरकारचा अंदाज होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला, तो 1,060 ते 1,920 कोटींवर गेला. सरकारने गृहखात्यापुरतंच मोजलं होतं. कार्ड तपासायची यंत्रं इतर खात्यांनाही लागणार, तो खर्च त्यात नव्हता.

कायदा 2006 मध्ये झाला, कार्डं 2009 मध्ये मँचेस्टरपासून सुरू झाली. जेमतेम 15,000 दिली गेली आणि 2010 मध्ये नव्या आघाडी सरकारने योजना गुंडाळली. लिबरल डेमोक्रॅट त्या सरकारात होते. तेव्हाचे आकडे ऐका. चार वर्षांत तिजोरीचे वाचणार होते 8 कोटी 60 लाख पौंड. आणि दहा वर्षांत फीतून वसूल व्हायचे होते तब्बल 80 कोटी!

10,000 जादा पोलीस काही आले नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये पुढची काही वर्षं पोलीसबळ घटतच गेलं. 2011 च्या फेब्रुवारीत नोंदवहीच्या हार्ड डिस्कचा चुरा झाला. ज्यांनी कार्डासाठी तीस पौंड भरले होते, त्यांना ते परत मिळाले नाहीत.

नमस्कार.