कोकणात इस्रायली, इस्रायलमध्ये भारतीय : बेने इस्रायलींची ओळख कशी घडली?

नमस्कार. अनेक संस्कृतींमध्ये वाढलेल्या मुलांचा विषय निघाला की हल्ली दुबई, सिंगापूर किंवा न्यू जर्सीतील मराठी घरांची उदाहरणे दिली जातात. आज मी त्यांहून जुने आणि माझ्या मते अधिक बोलके उदाहरण घेणार आहे, ते रायगडच्या किनारपट्टीवरील बेने इस्रायल या ज्यू समाजाचे. आपण स्वतःला कोण समजतो, हे बरेचसे आपल्यातले कोणते वेगळेपण शेजाऱ्यांच्या डोळ्यांत भरते यावर ठरते, आणि शेजार बदलला की तेही बदलते. या समाजाच्या बाबतीत हे दोनदा घडले.

परंपरा सांगते, की अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पुढे त्यांचे वंशज गावोगावी पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले आणि पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावे लावू लागले. शनिवारी मात्र घाणा बंद राही, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, आहाराचे काही नियम आणि ‘शेमा इस्रायल’ ही प्रार्थना त्यांनी जपली. बाकीचे जगणे मात्र कोकणातल्या चारचौघांसारखेच होते. गावाने त्यांना आणखी एक जात म्हणून सामावून घेतले. (याला औदार्य म्हणावे की जातिव्यवस्थेची सवय, हे मी तुमच्यावर सोडतो.) १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, उभारणारे सॅम्युएल इझिकेल हे कंपनीच्या फौजेत होते, आणि आपल्या लोकांत ते सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात.

[पडद्यावर : मलिद्याचे ताट]

या घरांतील मलिदा पाहण्यासारखा असतो. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची आणि सुकामेवा एकत्र कालवून ताटात ठेवतात, भोवती फळे मांडतात आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने हिब्रू प्रार्थना म्हणतात. नवस फेडायचा असो वा लग्नकार्य असो, मलिदा होतोच. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे, अशी श्रद्धा आहे. त्या ताटासमोर बसलेल्या मुलाला यातले कोकणी किती आणि ज्यू किती, असा हिशेब कधी करावा लागत नाही. त्याच्या दृष्टीने तो घरचा मलिदा असतो.

हिशेब मागितला गेला तो इस्रायलमध्ये. १९४८ नंतर हजारो कुटुंबे तिकडे गेली, आणि कोकणात ज्यांना शनिवारमुळे वेगळे मानले जाई, त्यांना तिथे रंगामुळे, जेवणामुळे आणि भाषेमुळे भारतीय म्हणून वेगळे काढले गेले. भेदभावाला कंटाळून काहींनी आम्हाला परत पाठवा म्हणून धरणे धरले आणि १९५२ मध्ये ते भारतात आलेही. पुढे त्यांतले बरेच जण पुन्हा इस्रायललाच गेले. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी पूर्वजांची चौकशी सुरू केली, तेव्हा प्रश्न थेट ज्यू असण्यावरच आला. १९६४ मध्ये मोठे आंदोलन झाले आणि हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत, असे इस्रायलच्या संसदेला जाहीर करावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या एका गोष्टीमुळे आपण वेगळे ठरलो, तीच खरी नाही असे ऐकावे लागणे, हा घाव मला रंगावरून झालेल्या हेटाळणीपेक्षाही खोल वाटतो.

१९५० च्या दशकात रूथ आणि जॉन युसीम या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास केला, आणि आईवडिलांच्या देशाबाहेर वाढणाऱ्या मुलांसाठी ‘तिसऱ्या संस्कृतीतील मुले’ ही संज्ञा त्यातून पुढे आली. अशा मुलांना परदेशात राहण्यापेक्षा मायदेशी परतणे अधिक जड जाते, कारण तेथे ती दिसायला सगळ्यांसारखी असतात आणि वागायला नसतात. बेने इस्रायलींना तर पूर्वजांच्या देशात गेल्यावर दिसण्याचीही सवलत नव्हती.

त्यातही वयाचा फरक मोठा असतो. पन्नाशीत गेलेल्या माणसाची ओळख पक्की झालेली असते आणि तिथे जन्मलेल्या मुलाला तुलनेसाठी दुसरे गाव माहीत नसते. ओढाताण होते ती दहा-बारा वर्षांच्या मुलांची. स्थलांतरितांच्या घरांत अशी मुले नवी भाषा लवकर शिकतात आणि मग दवाखान्यात, कचेरीत आईवडिलांसाठी बोलू लागतात. ज्या वयात मोठ्यांचा आधार हवा, त्याच वयात मोठ्यांना त्यांचा आधार घ्यावा लागतो.

इस्रायलमधील दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत वाढलेल्या पुढच्या पिढ्यांत मराठी बोलणे कमी होत गेले. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथे निघाले, पण शाळेची आणि मित्रांची भाषा हिब्रूच राहिली. मलिदा आणि लग्नाआधीची मेंदी मात्र टिकली. मला याचे कारण सरळ वाटते : मराठी बोलायची तर समोर मराठी बोलणारा लागतो, मलिद्याला आजी आणि नारळ असले की पुरते.