काचेवरची तेलाची रेघ

सकाळचे आठ. ठाण्यात नौपाड्यातल्या एका पोळी-भाजी केंद्रात तवा तापलाय. फोन वाजतो. काकू पदराला हात पुसतात आणि काचेवरच्या नऊ ठिपक्यांवरून बोट फिरवतात. वरून खाली, मग उजवीकडे. कुलूप उघडतं. चार डब्यांची ऑर्डर आलीय.

"आकडे मी विसरते हो," काकू म्हणतात. "हे मात्र हातात बसलंय, ठिपक्यांच्या रांगोळीसारखं."

माणसाला चित्र लक्षात राहतं, हाच ग्राफिकल पासवर्डचा पाया. 1996 मध्ये संशोधक ग्रेग ब्लॉन्डर यांना पेटंट मिळालं: पडद्यावर चित्र येणार, त्यातल्या ठरलेल्या जागांना ठरलेल्या क्रमानं स्पर्श करायचा, की संगणक ओळख पटवणार. 1999 मध्ये चौकटींच्या जाळीवर गुप्त चित्र काढायची पद्धत मांडली गेली. पुढे अँड्रॉइडनं नऊ ठिपके दिले आणि पॅटर्न घरोघरी पोचला.

या नऊ ठिपक्यांत 3,89,112 पॅटर्न बसतात. चार आकडी पिन फक्त 10,000. ऐकून बरं वाटतं ना? पण चारच ठिपके जोडले, तर उरतात 1,624. त्यातही बरेच जण डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करतात, एखादं अक्षर काढतात. काकूंचा इंग्रजी 'एल' आहे.

शिवाय जे काकूंच्या लक्षात राहतं, ते बघणाऱ्याच्याही राहतं. लोकलच्या गर्दीत शेजारचीला एक नजर पुरते.

आम्ही काकूंचा फोन खिडकीशी तिरका धरला. काचेवर तेलाची रेघ, सरळ खाली आणि उजवीकडे. 2010 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी बोटांच्या अशाच डागांचे फोटो काढून पॅटर्न ओळखून दाखवले होते.

काकू गप्प झाल्या. ह्याच फोनवर त्यांचे गिऱ्हाइकांचे पैसे येतात. यात त्यांची चूक मानायला मी तयार नाही. लक्षात राहील असं निवडा, हे त्यांना सगळ्यांनी सांगितलं. काच पुसा, हे कुणीच सांगितलं नाही.

मग काकूंनी नवा पॅटर्न घेतला. मधल्या ठिपक्यापासून सुरुवात, सात ठिपके, तीनदा वळण. सेटिंगमध्ये जाऊन बोट फिरवताना पडद्यावर उमटणारी रेघ दिसणं बंद केलं. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा कुलूप उघडलं.

काकूंनी कोरड्या फडक्यानं काच पुसली, फोन डब्यांमागे ठेवला आणि तव्यावरची पोळी उलटली.