तुटणारे हात
(साताऱ्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी बसून आज मी ज्या ताऱ्यांविषयी बोलणार आहे, ते आकाशातले नव्हेत, समुद्रातले ‘ठिसूळ तारे’ नावाचे प्राणी आहेत; त्यांना भेटायला घाट उतरून कोकणात जावं लागतं. आपल्या पायाखालचा काळा पाषाण लाव्ह्याचा. त्यात समुद्री प्राण्यांचे अवशेष सापडायचे नाहीत. म्हणून साताऱ्याच्या पोराने हा प्राणी पाहायचा तर एसटी पकडायलाच हवी. मीही कॉलेजच्या सहलीत, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तो पहिल्यांदा पाहिला.

अमावास्येची ओहोटी होती, पाणी लांबवर गेलेलं. सरांनी एक दगड उलथा केला. खाली दोऱ्याचा गुंता पडावा तसं काहीतरी होतं. ते वळवळलं आणि सावलीकडे पळायला लागलं. मी उचललं. मधे हरभऱ्याच्या दाण्याहून थोडी मोठी, गोल, चपटी चकती आणि तिच्यातून निघालेले पाच बारीक काटेरी हात. मी दचकून मूठ आवळली, तसा एक हात तुटला. तुटलेला तुकडा माझ्या तळव्यावर वळतच राहिला. मला वाटलं, मारला मी याला. सर म्हणाले, ‘‘तू नाही तोडलास. त्याने सोडला.’’

ते ‘सोडला’ समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली. इंग्रजीत याला ब्रिटल स्टार म्हणतात, म्हणजे ठिसूळ तारा. ठिसूळ म्हटलं की आपल्याला खापरी आठवते, धक्का लागला की फुटणारी. इथे तसं नाही. याच्या हातात आपल्या पाठीच्या मणक्यांसारखे चुन्याचे तुकडे एकापुढे एक बसवलेले असतात. त्यांना बांधून ठेवणारे पट्टे कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे. कोलॅजेन आपल्या गुडघ्यातही आहे, पण ते घट्ट किंवा ढिलं करणं आपल्या हातात नाही. या प्राण्याच्या मज्जातंतूंकडून इशारा गेला, की नेमक्या एका सांध्यातले पट्टे बघता बघता मऊ पडतात आणि हात निसटतो. मासा त्या वळवळणाऱ्या तुकड्यामागे लागतो, बाकीचा प्राणी दगडाखाली पोचतो. पुढच्या आठवड्यांत, महिन्यांत त्याच जागी नवा हात फुटतो. किनाऱ्यावर नीट पाहिलंत तर पाचही हात सारख्या लांबीचे असलेला नमुना शोधावा लागतो.

तारामासा याचा नातेवाईक, पण दोघांत गल्लत करू नका. तारामाशाचे हात जाड, बुडाशी एकमेकांत मिसळलेले, आणि तो खालच्या असंख्य नळीपायांवर सावकाश सरकतो. इथे चकती वेगळी, हात वेगळे. नळीपाय आहेत, पण त्यांना चिकटणारी टोकं नाहीत. हा हातांनी वल्हवत जातो. एक हात पुढे, बाजूचे दोन वल्ह्यांसारखे. दिशा बदलायची तर अंग वळवायची गरजच नाही, दुसरा हात पुढारी होतो. याला मेंदू नाही, डोकं नाही, तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं आहे, तेवढंच. हातांच्या सापासारख्या चालीवरून या वर्गाला ऑफियुरॉयडिया नाव पडलं. ग्रीकमध्ये ऑफिस म्हणजे साप, ऊरा म्हणजे शेपूट.

तोंड खाली, त्यात पाच जबडे. गुदद्वार नाही, खाल्लेल्यातलं उरलंसुरलं तोंडातूनच बाहेर. हातांच्या बुडाशी बारीक फटी असतात, त्यांतून पाणी आतल्या पिशव्यांत जातं, श्वास तिथे चालतो. ॲम्फिफोलिस स्क्वामाटा नावाच्या इवल्याशा जातीत पिल्लंही त्याच पिशव्यांत वाढतात आणि हात पूर्ण फुटल्यावर बाहेर येतात. बहुतेक जाती मात्र अंडी पाण्यात सोडतात.

आता जाती किती, तर आज ओळखलेल्या सुमारे 2,100. ओहोटीच्या डबक्यापासून सहा हजार मीटरहून खोल तळापर्यंत. आपल्या समुद्रातल्या खोल पाण्यातल्या जातींवर कोलर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने 1899 मध्ये लिहिलं. नमुने ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजाने गोळा केले होते. ओळख पटवायची ती हातावरच्या खवल्यांवरून, जबड्यातल्या दातांवरून. कासच्या पठारावर सीतेची आसवं ही इवली फुलं बघायला आपण गुडघे टेकतो ना, तसंच इथे भिंगावर वाकावं लागतं. 2014 मध्ये टिमोथी ओहारा या ऑस्ट्रेलियातल्या प्राणिशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी शेकडो जनुकं ताडून पाहिली, तेव्हा जुनी कुळं बरीच विस्कटली. नव्या मांडणीत सहा गण, म्हणजे कुळांचे मोठे गट आहेत. पण मला आनंद वेगळ्याच गोष्टीचा झाला. हाताच्या कडेच्या खवल्यांवरची अगदी बारीक नक्षी नव्या मांडणीशी जुळते, आणि समुद्रतळाच्या जुन्या गाळात नेमके हेच सुटे खवले मिळतात. म्हणजे डोळे फोडून नक्षी बघणाऱ्यांची मेहनत वाया गेली नाही.

त्या टेबलावर स्पिरिटमध्ये तीन नमुने ठेवलेत, भिंगं दोन आहेत. तिसऱ्या बाटलीतला आधी बघा. तो ऑफियाक्टिस नावाचा ठिसूळ तारा, नखावर मावेल एवढा. ओहोटीत सापडलेला स्पंज मी बशीत ठेवला होता, पाणी कोमट झालं तसे हे त्याच्या भोकांतून एकेक बाहेर आले. याला पाच नव्हे, सहा हात आहेत. मोजा, तीन लांब आणि तीन आखूड दिसतील. चकतीवर मधोमध एक फिकट रेघही दिसेल. याने नुसता हात सोडला नव्हता. चकतीतून चिरून तो स्वतःच दोन झाला होता, आणि आखूड आहे ती त्याची नवी बाजू.