तपकिरी खडू

(दृश्य : ब्रुकलिन, प्रॉस्पेक्ट पार्क, मुलांचं मैदान)

न्यूयॉर्कमधलं हे प्रॉस्पेक्ट पार्क. मैदानातला हा ब्राँझचा मुलगा म्हणजे पीटर, आणि त्याच्यासोबत त्याचा कुत्रा विली. शिल्पकार ऑटो नील्स. पीटर कुणी राजा नव्हे, योद्धा नव्हे. तो एका चित्रपुस्तकातला मुलगा आहे. रात्री बर्फ पडला म्हणून सकाळी लाल कोट घालून तो खेळायला बाहेर पडला, एवढीच त्याची गोष्ट.

पुस्तकाचं नाव 'द स्नोई डे', साल १९६२. लेखक आणि चित्रकार एझ्रा जॅक कीट्स.

(दृश्य : ब्रुकलिनच्या जुन्या चाळवजा इमारती, जिने, खिडक्या)

कीट्स इथलेच. पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात १९१६ साली जन्मलेले. वडील कॉफीच्या दुकानात वेटर. चित्रं काढून पोट भरत नाही, असं ते मुलाला बजावायचे, आणि तरी रंगाच्या ट्यूब घरी आणायचे. कुणा उपाशी चित्रकाराने सूपच्या बदल्यात दिल्या, अशी थाप ठोकायचे. ते वारले तेव्हा त्यांच्या पाकिटात मुलाच्या बक्षिसांच्या बातम्यांची झिजलेली कात्रणं निघाली.

मुलाचं खरं नाव जेकब एझ्रा कॅट्झ. ज्यूंविषयीच्या द्वेषामुळे १९४७ साली त्यांनी ते बदलून घेतलं. स्वतःचं नाव झाकावं लागलेल्या या माणसाने पुढे एका कृष्णवर्णीय मुलाला थेट मुखपृष्ठावर आणलं, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

त्या मुलाचा चेहरा आला कुठून? १९४० साली 'लाइफ' साप्ताहिकात अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या एका कृष्णवर्णीय चिमुकल्याचे फोटो छापून आले होते. रक्ततपासणीसाठी त्याला सुई टोचायची होती. कीट्सनी ते कापून भिंतीवर लावले आणि वीस वर्षांहून जास्त काळ जपले. मधल्या काळात ते इतरांच्या पुस्तकांना चित्रं काढत होते. हाती येणाऱ्या गोष्टींत कृष्णवर्णीय मूल असलंच तर मागे, गर्दीत. स्वतःचं पुस्तक करताना त्यांची भूमिका साधी होती : हा मुलगा या पुस्तकात आहे, कारण त्याने कधीपासूनच पुस्तकांत असायला हवं होतं.

(दृश्य : टेबल वरून. कात्री, कागद, खोडरबर, टूथब्रश)

आता हे हात पाहा. कीट्सनी केलं ते आम्ही टेबलावर पुन्हा करून पाहिलंय.

कोलाज, म्हणजे कागद-कापडाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र, त्यांनी याआधी केलं नव्हतं. चित्रांत नक्षीदार कागदाचे एखाददोन तुकडे चिकटवावेत, एवढाच बेत होता. पण एका तुकड्याशेजारी दुसरा ठेवला आणि सगळं पुस्तकच चिकटकामातून उभं राहिलं. देशोदेशीचे कागद जमले. पीटरच्या अंथरुणासाठी बेल्जियमचं कॅनव्हास. आईच्या झग्यासाठी कपाटाच्या फळ्यांवर अंथरतात ते मेणकापड.

बर्फाची जमीन अशी झाली : कागदावर शाई ओली असतानाच तिच्यावरून पांढऱ्या रंगाचा रोलर फिरवायचा. खालची शाई वर उमटते, आणि पांढऱ्यात निळसर, गुलाबी झाक येते. हिमकण म्हणजे ठसेकाम. आपल्या शाळेत भेंडी कापून ठसे उमटवतात, तसे त्यांनी खोडरबरवर आकार कोरले, रंगात बुडवले आणि पानावर दाबले. पीटर झोपतो त्या पानांची करडी रात्र टूथब्रशने उडवलेल्या शाईची.

(दृश्य : पुस्तकाचं पान, हळूहळू जवळ)

या पानावर थोडं थांबू या. पांढरा विस्तार, त्यात एकच लाल कोट, आणि लाल टोपडीच्या आत तपकिरी चेहरा. नजर आपोआप तिथे जाते. लाल आणि पांढऱ्यामध्ये तो तपकिरी झळकतो. कीट्सनी रंग असे जुळवलेत, की या पानावरची सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे त्या मुलाचं असणं. आणि त्याच्या वर्णाविषयी मजकुरात अवाक्षर नाही. 'तूही छान आहेस हो' अशी समजूत कुणी घालत नाही. पीटर काठीने झाड झोडपतो, डोक्यावर बर्फ पडून घेतो, बर्फाचा गोळा खिशात घालून घरी आणतो आणि तो वितळला म्हणून हिरमुसतो. आमच्या मते हेच बरोबर आहे. समजूत घातली की मुलाला कळतं, आपल्यात काहीतरी कमी धरलंय.

एका शिक्षिकेने कीट्सना कळवलं होतं : वर्गातली कृष्णवर्णीय मुलं आजवर स्वतःचं चित्र गुलाबी खडूने रंगवायची, आता पहिल्यांदाच तपकिरी खडू उचलतायत.

१९६३ साली पुस्तकाला कॅल्डेकॉट पदक, म्हणजे चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार, मिळालं. १९६५ साली अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी पाच हजारांवर बालपुस्तकं तपासून एका लेखात दाखवलं, की कृष्णवर्णीय व्यक्ती जेमतेम ६.७ टक्के पुस्तकांत आहे. मजकूर वर्णाबद्दल गप्प का, असा आक्षेप त्यांनी या पुस्तकावरही घेतला. २०२० साली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने जाहीर केलं, की तिच्या इतिहासात सर्वाधिक वेळा घरी नेलेलं पुस्तक हेच : ४,८५,५८३ वेळा.

(दृश्य : मराठी शाळेतला वर्ग, चित्रकलेचा तास)

हा वर्ग आपल्याकडचा. मुलं स्वतःचं चित्र काढतायत. "स्किन कलर कुणाकडे आहे?" आणि पुढे येतो तो फिकट गुलाबी खडू. इथल्या एकाही मुलाचा रंग तसा नाही. तपकिरी खडू पेटीत आहे, पण तो झाडाच्या खोडासाठी. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने 'फ्लेश' म्हणजे कातडीचा रंग हे खडूचं नाव १९६२ सालीच काढून टाकलं, 'पीच' केलं.

माधुरी पुरंदरे यांच्या चित्रपुस्तकांनी मराठी घरातली रोजची माणसं पानावर आणली. त्या वाटेने अजून पुष्कळ मुलं यायची आहेत. पीटर पुढच्या सहा पुस्तकांत वाढत गेला : शीळ घालायला शिकला, धाकट्या बहिणीवर रुसला, मैत्रिणीला आपल्या वाढदिवसाच्या आमंत्रणाचं पत्र लिहिलं. आम्हाला मराठीत अशी एक काळीसावळी मुलगी हवी आहे, जी रंगावरून रडत बसत नाही, डबा वाटून खाते, भांडते, सायकल शिकते आणि पुस्तकागणिक मोठी होत जाते.