पैसे कटले? आधी बँकेला कळवा

नमस्कार श्रोतेहो,

आपण न केलेल्या खर्चाचा मेसेज आला की बहुतेक माणसं काय करतात? आधी घरात विचारतात, "तू काही मागवलंस का?" मग जुने मेसेज चाळतात, मग एखाद्या जाणकार मित्राला फोन लावतात. बँकेची पाळी येते सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करा, एवढंच मला आज सांगायचं आहे. खर्च घरातल्याच कुणाचा निघाला तर तक्रार मागे घेता येते. गेलेला वेळ मात्र मागे घेता येत नाही.

वेळेला एवढं महत्त्व का? चोरीचे पैसे चोराच्या स्वतःच्या खात्यात सहसा जातच नाहीत. ते जातात कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यात. तिथून फुटून आणखी चार खात्यांत, आणि मग रोख काढली जाते किंवा क्रिप्टोमध्ये वळवली जाते. वाटेतल्या एखाद्या खात्यात पैसे आहेत, तोवरच बँकेला ते गोठवता येतात.

नियमही वेळेवरच बेतलेले आहेत. भारतात रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं ठरवून दिलं. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर भार ठरावीक मर्यादेपर्यंत. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. अमेरिकेत डेबिट कार्ड हरवल्याचं किंवा चोरीला गेल्याचं कळल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत सांगितलं, तर जबाबदारी ५० डॉलरच्या वर जात नाही. उशीर केला की ती वाढत जाते.

त्याच भारतीय परिपत्रकातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. समजा, ओटीपी तुम्हीच कुणाला तरी सांगून बसलात. झालेलं नुकसान तुमचं. पण बँकेला कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेचं. म्हणून लाजेखातर गप्प बसणं ही सगळ्यात महागडी लाज. आणि ओटीपी दिला असेल तर तसं खरं सांगा. तपासात ते निघतंच, आणि एकदा खोटं पकडलं गेलं की बाकीच्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आता फोन कुठे लावायचा? इंटरनेटवर शोधून सापडलेल्या नंबरवर नको. तिथे बनावट कस्टमर केअर टपून बसलेलं असतं. नंबर घ्या कार्डच्या मागचा, नाहीतर पासबुकावरचा. भारतात असाल तर सोबत १९३० या सायबर हेल्पलाइनवरही कळवा.

फोनवर फक्त "कार्ड ब्लॉक करा" म्हणून थांबू नका. पैसे कार्डावरून गेले, नेट बँकिंगमधून गेले, की ऑटो-डेबिटने, ते विचारा. कार्ड बंद केल्याने नेट बँकिंग बंद होत नाही, आणि ऑटो-डेबिटचा मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, वेगळा रद्द करावा लागतो. शेवटी तक्रार क्रमांक घ्या आणि तेच सगळं लेखी पाठवा. लेखी तक्रारीत रडगाणं नको. "अमुक तारखेचा, अमुक रकमेचा, अमुक संदर्भ क्रमांकाचा व्यवहार मी केलेला नाही आणि त्याला माझी संमती नव्हती." एवढं वाक्य पुरतं. मेसेज डिलीट करू नका, फोन रिसेट करू नका; पुरावा त्यातच आहे. कुणाच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप घेतलं असेल, तर त्या फोनचं इंटरनेट तोडा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. सिमचं नेटवर्क अचानक गेलं आणि तासन् तास आलंच नाही, तर आधी मोबाइल कंपनीला विचारा. तुमच्या नंबरचं दुसरं सिम कुणीतरी काढलेलं असू शकतं, आणि मग ओटीपी त्याच्याकडे जातात.

अगदी किरकोळ रक्कम कटली की लोक म्हणतात, जाऊ द्या. मला तर त्याच रकमेची जास्त धास्ती वाटते. चोरलेल्या कार्डांचे नंबर चोरांकडे ढिगाने असतात. त्यातलं कुठलं चालू आहे, हे बघायला ते आधी क्षुल्लक खर्च टाकून पाहतात. तो खपला की मग मोठा हात मारतात. अर्थात, प्रत्येक अनोळखी नाव म्हणजे चोर नव्हे. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि स्टेटमेंटवर मूळ कंपनीचं दुसरंच, असं सर्रास होतं. मोफत म्हणून चालू केलेली एखादी सेवा महिन्याभराने पैसे कापायला लागते, तेही आपण विसरलेलो असतो. हा उलगडा जरूर करा, पण बँकेला फोन केल्यानंतर.

तक्रार झाल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. समोरचा माणूस स्वतःला तपास अधिकारी म्हणवतो, तुमची गेलेली रक्कमही त्याला बरोबर ठाऊक असते. "पैसे सापडलेत, थोडी फी भरा, लगेच परत मिळतील." ठाऊक असणारच, तुमची माहिती त्याच टोळ्यांमध्ये विकली जाते. पैसे परत करण्यासाठी कुठलीही बँक आधी पैसे मागत नाही, आणि पैसे स्वीकारायला पिन टाकावा लागत नाही. तो फोन कापा आणि तो नंबरही तक्रारीत जोडा.

नमस्कार.