सुप्याची खतं आणि भाच्याचं कार्ड

(सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि तडजोड', आणि मला पाऊण तास दिलाय. मागच्या रांगेतले दोघे-तिघे कानाशी हात नेतायत, म्हणजे माईक नीट नाही. हरकत नाही. मी एकतीस वर्षं बँकेच्या वसुली खात्यात काढली आहेत, आवाजाची सोय माझी मी करतो.

थकबाकीवर बोलायचं तर मला सुप्यापासून सुरुवात करावी लागते. आमची ही म्हणते, तुम्ही लग्नाच्या पंगतीतसुद्धा सुप्यापासूनच सुरू होता. तर साल १८७५. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते हेच वर्ष. इकडे व्याख्यानं चालू झाली आणि तिकडे आपल्याच जिल्ह्यात, सुप्याला, १२ मे रोजी शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. कर्जाची लिहून घेतलेली खतं, रोखे, वह्या बाहेर काढल्या आणि पेटवल्या. पुढे हे लोण गावोगाव गेलं. कारण काय? अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, सरकारने शेतसारा वाढवलेलाच होता आणि सावकाराने ऐन वेळी हात आखडला. अमेरिकेत काहीतरी होतं आणि पुणे जिल्ह्यात हप्ता चुकतो. हिंजवडीला नोकरी करणारे इथे कोणी असतील तर त्यांना हे समजावून सांगायला नको.

पण मला जाळपोळीत रस नाही, त्यानंतरच्या कायद्यात आहे. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. त्यात फार शहाणपणाची गोष्ट होती. कोर्टाने खतावरचा शेवटचा आकडा बघून निकाल द्यायचा नाही. मागे जायचं, व्यवहार कुठून सुरू झाला ते बघायचं, मुद्दल वेगळं काढायचं, व्याज वेगळं काढायचं, आणि मग हप्ते बांधून द्यायचे. शिवाय दाव्याआधी तडजोड घडवून आणायला माणसं नेमलेली. पुढे खुद्द रानडे या कायद्याखाली स्पेशल जज्ज होते. मी वसुलीत असताना दर वर्षी नव्या पोरांना हे सांगायचो. ती 'हो सर' म्हणून चहाला जायची.

आता तुम्ही म्हणाल, याचा कार्डाशी काय संबंध? सांगतो. कार्डाचं स्टेटमेंट आलं की आपण काय बघतो? एकूण देय आणि किमान देय. म्हणजे खतावरचा शेवटचा आकडा आणि त्याचा लहान भाऊ. या लहान भावावर माझा फार राग आहे. 'किमान देय' हे शब्द ज्याने शोधले त्याला माणसाच्या स्वभावाची विलक्षण जाण असणार. थाळी मागवावी, पैसे लोणच्याचे द्यावेत आणि मालकाने हसून 'या पुन्हा' म्हणावं, असं आपल्याला वाटत राहतं.

ढोबळ हिशेब करू. एक लाख थकले. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे ३,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३०. झाले ४,१३०. किमान देय पाच टक्के, म्हणजे ५,०००. तुम्ही इमानदारीत पाच हजार भरले, त्यातून कर्ज कमी झालं ८७० रुपयांनी.

माझ्या भाच्याचं हेच झालं. थोरल्या ताईचा मुलगा. नाव सांगत नाही, ताई दुसऱ्या रांगेत बसली आहे. (हशा) नोकरी गेली तेव्हा कार्डावर एक लाख ऐंशी हजार होते. घरी पत्ता नाही. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा आणि कर्वे रस्त्यावरच्या एका कॅफेत बसून अर्ज भरायचा. आठ महिने किमान देय भरलं, सत्तर हजारांच्या आसपास, आणि कर्ज उतरलं फक्त बारा हजारांनी. मग शिल्लक संपली. चार महिने काहीच भरलं नाही. व्याज, लेट फी, कर धरून आकडा दोन लाखांच्या वर गेला आणि वसुलीचे फोन सुरू झाले.

एकदा फोन ताईने उचलला. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. याने केला रात्री पावणेनऊला. ताईला कार्डाचं काहीच माहीत नाही, तिला वाटलं भाच्याचा मित्र. तिने त्याचं गाव विचारलं, आडनाव विचारलं, जेवलास का विचारलं. तो पोरगा बार्शीचा निघाला. वीस मिनिटांनी त्यानेच रडवेल्या आवाजात सांगितलं, मावशी, तुमच्या मुलाने दोन लाख थकवलेत, आणि माझ्यावर महिनाअखेरचं टार्गेट आहे. मग घरात जे व्हायचं ते झालं.

पण खरी चूक त्याच्या पुढची. दुसऱ्या दिवशी भाच्याने शरमेपोटी त्या पोराशी फोनवरच सौदा केला. एक लाख पंचाहत्तर हजारांत मिटवू, आज दहा हजार टोकन टाका. टाकले. पंधरा दिवसांनी बँकेत विचारलं तर उत्तर आलं, दहा हजार जमा आहेत, सेटलमेंटची नोंद कुठेही नाही. पोरगा तोवर नोकरी सोडून गेलेला. बघा हं, ज्याची आई तुळशीबागेत दहा रुपयांच्या पिनांसाठी अर्धा तास उभी राहते, त्याने पावणेदोन लाखांचा सौदा दोन मिनिटांत केला आणि कागद मागितला नाही! शरम वाटली की भाव करता येत नाही. ताईला पिनेवाल्याची कसली शरम?

तेव्हा तो माझ्याकडे आला. म्हणाला, मामा, काय करू? मी म्हटलं, सगळी स्टेटमेंटं काढ. एका वहीत उभ्या रेघा मारल्या. खरेदी किती, भरले किती, व्याज किती, लेट फी किती, कर किती. तीन संध्याकाळी गेल्या. एका महिन्यात न भरलेल्या लेट फीवरही व्याज लागलेलं सापडलं. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे कार्डाचे निर्देश सांगतात की थकलेली फी आणि कर यांवर व्याज चढवायचं नाही. रक्कम किरकोळ होती, पण बँकेला लिहिलेल्या पत्रात ती ओळ गेली आणि उत्तर देणाऱ्याची भाषा बदलली. शेवटी एक लाख पाच हजार, तीन हप्त्यांत. लेखी.

चिठ्ठी आली आहे. 'दहा मिनिटं.' पत्रिकेतला विषय आता सुरू होतोय, तेव्हा भराभर बोलतो.

पहिलं, व्याजाचा दरच अन्यायाचा आहे म्हणून कोर्टात भांडायची आशा धरू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज गैर ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये हा दामदुपटीचा नियम सावकाराला लागतो, बँकेला नाही. यावर मला वेगळं व्याख्यान द्या. (हशा)

दुसरं, फेडता येण्यासारखं असेल तर सेटलमेंट मागू नका. कमी व्याजाचे हप्ते बांधून मागा. ओटीएस, म्हणजे कमी रकमेत मिटवायची ही सेटलमेंट, केली की क्रेडिट रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड'च्या जागी 'सेटल्ड' येतं आणि वर्षानुवर्षं राहतं. गृहकर्जाच्या टेबलावर तो शब्द पहिला दिसतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार त्या बँकेने तुम्हाला निदान बारा महिने नवं कर्ज द्यायचं नसतं. नोकरी गेली, आजारपण आलं, घरात कमावतं कोणी उरलं नाही, अशा माणसासाठी सेटलमेंटचा रस्ता आहे. नोकरी गेल्याचं पत्र, दवाखान्याची बिलं, खात्याचा उतारा जोडून ईमेल करा. पहिला आकडा तुम्ही सांगा, पण हातात असेल तेवढाच. ठरलेला हप्ता चुकला तर सौदा मोडतो.

तिसरं, पत्र हातात आल्याशिवाय रुपया नाही. पत्र बँकेचं, रक्कम, तारखा, आणि हे पूर्ण व अंतिम आहे असं स्पष्ट लिहिलेलं. पैसे कार्डाच्या खात्यात, कोणाच्या खासगी नंबरवर नाही. नंतर नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे देणं उरलं नाही असा दाखला. आणि भीतीपोटी पुढच्या तारखांचे चेक देऊ नका. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे, पण चेक परतला तर चेकच्या कायद्याचं कलम १३८ लागतं आणि तो फौजदारी. 'भरणं बंद करा, फी आम्हाला द्या' म्हणणाऱ्या मध्यस्थांनाही दारातूनच नमस्कार.

धमक्या आल्या तर आधी बँकेकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फुकट. आणि शिवाजीनगर कोर्टातून लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरून घरी बसू नका, जा. तिथे तडजोडीलाच बोलावतात. मात्र सही करण्याआधी वाचा, त्या निवाड्यावर अपील नाही.

दुसरी चिठ्ठी आली, यावर नुसतं उद्गारचिन्ह आहे. थांबतो. ती रेघा मारलेली वही मी इथे टेबलावर ठेवतोय. खरेदीच्या रकान्यात दुकानांची नावं खोडली आहेत. ज्यांना बघायची त्यांनी चहाआधी बघा. भाच्याने परवानगी दिली आहे, ताईने अजून नाही.