रक्ती हगवण, वासरू आणि विहीर

(सावंतवाडी तालुक्यातल्या कुक्कुटपालन करणाऱ्या बचत गटांसमोर एका निवृत्त पशुवैद्यकाने श्रावणात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी तिघी-चौघींनी वेगवेगळ्या शब्दांत मला एकच गोष्ट विचारली, तिचं उत्तर आधी देऊन टाकतो. शेडमधल्या पिल्लांना रक्ती हगवण लागली, तर ती घरातल्या पोरांना लागते का? नाही लागत. पिल्लांचा हा रोग आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो आणि कोंबडीची आयमेरिया कोंबडीतच वाढते. शेजारी बदकं पाळलीत तर त्यांनाही ती होणार नाही. शेळीच्या करडांना अशी हगवण होते, पण त्यांची आयमेरिया वेगळी. कोंबडीत सात जाती आहेत. प्रत्येकीची आतड्यातली जागासुद्धा ठरलेली असते. एक वरच्या भागात, एक मधल्या भागात आणि सगळ्यांत रक्तपात करणारी टेनेला अगदी शेवटाला.

म्हणजे माणसं सुटली का? तर तसंही नाही. या परजीवींचं गणगोत मोठं आहे, आणि त्यातले काही आपल्या आतड्यासाठीच जन्माला आलेत. हिवतापाचा जंतू हाही त्यांचा लांबचा भाऊबंद. 1898 साली रोनाल्ड रॉस यांनी कोलकात्यात डासामार्फत हिवताप कसा पसरतो ते सिद्ध केलं, ते पक्ष्यांमधल्या हिवतापावर काम करून. पण आज आपल्याला डासांकडे जायचं नाही. आजचा विषय विष्ठेतून तोंडात जाणाऱ्यांचा आहे. जेवणं झालीत ना सगळ्यांची?

आजारी पिल्लाच्या विष्ठेतून जे बाहेर पडतं त्याला ऊसिस्ट म्हणतात. टेनेलाची ऊसिस्ट एका ओळीत लावली तर एका मिलिमीटरमध्ये 50 च्या आसपास मावतील, एवढी बारीक. वर दुहेरी कवच, आत एक गोळा. ती बाहेर पडते तेव्हा कच्ची असते. त्याच वेळी दुसऱ्या पिल्लानं ती खाल्ली तरी काही बिघडत नाही. तिला पिकायला ऊब, ओल आणि हवा लागते. 25 ते 30 अंश तापमान आणि भरपूर दमट जागा मिळाली की एक-दोन दिवसांत आत चार कोश तयार होतात, प्रत्येकात दोन, असे आठ जीव तयार होऊन बसतात. आता आषाढातलं आपलं हवामान आठवा. तापमान नेमकं तेवढंच, भिंतींना घाम, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. त्यात गणपती गेल्यावर कोंबडीला मागणी येणार म्हणून आपण पिल्लं टाकतो तीही याच दिवसांत. तिकडे विदर्भात मे महिन्याच्या कोरड्या उन्हात उघड्यावर पडलेली ऊसिस्ट सुकून मरते. आपल्याकडे तिला मरायला सवडच मिळत नाही.

पिकलेली ऊसिस्ट पिल्लानं टिपली की पुढचं काम पिल्लाचं पोटच करतं. कलेजीबरोबर आपण जो पेटा खातो, त्यातली दळण्याची ताकद कवच फोडते, आणि आतड्यातलं पित्त आणि पाचकरस आतल्या जिवांना मोकळं करतात. ते आतड्याच्या पेशींत शिरतात, वाढतात, पेशी फोडून बाहेर येतात, पुढच्या पेशींत शिरतात. टेनेलाची दुसरी पिढी आतड्याच्या अस्तरात खोलवर वाढते, आणि ती फुटते तेव्हा बारीक रक्तवाहिन्याही फाटतात. हे होतं चौथ्या-पाचव्या दिवशी. नव्या ऊसिस्ट विष्ठेत दिसू लागतात त्या मात्र सातव्या दिवसाच्या सुमारास. हा दोन दिवसांचा फरक लक्षात ठेवा. पाचव्या दिवशी पिल्लं रक्त हगत मरतायत, तुम्ही विष्ठा तपासायला नेलीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसलं नाही, तर "रोग नाही" असा अर्थ काढू नका.

म्हणून माझा भर मेलेलं पिल्लू उघडून बघण्यावर. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटाला दोन बंद नळ्या असतात, आम्ही त्यांना सीका म्हणतो. कोंबडी साफ करताना तुम्ही त्या कैकदा काढून फेकल्या असतील. निरोगी पिल्लात त्या करंगळीपेक्षा बारीक, आत हिरवट-तपकिरी लगदा. टेनेलानं मेलेल्या पिल्लात त्याच नळ्या फुगून गडद लाल-काळ्या झालेल्या असतात, कापायच्या आधी बाहेरूनच रंग कळतो. चिरल्या की आत साकळलेलं रक्त. पिल्लू दोन-तीन दिवस जास्त तगलं असेल तर रक्ताच्या जागी पिवळट, चिजासारखी घट्ट गुठळी सापडते. एकदा बघितलंत की जन्मभर विसरणार नाही. आणि मानमोडीचा संशय घेऊन भलतीच औषधं आणायचे पैसे वाचतील.

आता शेडकडे येऊ. आपल्याकडे तळाला भाताचं तूस घालतात, ते चांगलंच. पण झड आत येते म्हणून बाजूंना ताडपत्र्या बांधल्या की त्या थेट भाद्रपदापर्यंत सुटत नाहीत. आत अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, पिल्लं पंख टाकून बसतात आणि मालक म्हणतो, पाऊस एक थेंब आत नाही. पाऊस नाही, पण पिल्लांच्या श्वासाची, विष्ठेची आणि पाण्याच्या भांड्यांची ओल आतच कोंडली आहे! ताडपत्री वरून एक-दीड हात मोकळी ठेवा आणि पाऊस थांबेल तेव्हा गुंडाळा. त्याहून बरं म्हणजे छपराची पाखी लांब काढा, पागोळ्या शेडपासून दूर पडू देत.

तुसाची परीक्षा अगदी सोपी आहे. मूठभर तूस घ्या, घट्ट दाबा आणि मूठ उघडा. थोडं चिकटून लगेच भुसभुशीत सुटलं तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. हे पाण्याच्या भांड्याखाली करून बघा, शेडच्या मध्यावर नाही. रोग सुरू होतो तो भांड्याच्या आजूबाजूच्या त्या हातभर ओल्या गोलात. तिथलं तूस रोज काढा, बाकीचं दोन दिवसांआड खाली-वर करा. भांडी पिल्लांच्या पाठीच्या उंचीला येतील अशी टांगा, म्हणजे सांडणं कमी होतं.

आणि फिनेल. कृपा करून फिनेलवर भरवसा ठेवू नका. वास येतो म्हणून काम होतंय असं वाटतं, पण ऊसिस्टच्या कवचातून ते जात नाही. ब्लीचिंगही जात नाही. तिला मारतं ते सुकणं आणि उष्णता. बॅच गेल्यावर तूस पूर्ण काढा, जमीन खरवडा, उकळतं पाणी ओता किंवा गॅसची ज्योत फिरवा, आणि नंतर ती खडखडीत सुकू द्या.

घरी डालग्याखाली पिल्लं ठेवणाऱ्या आजींसाठी एकच सांगणं. डालगं रोज रात्री त्याच सारवलेल्या कोपऱ्यात नको. जागा बदला, खाली सुका पेंढा घाला आणि सकाळी तो काढून टाका. ऊसिस्ट पिकायला दिवस लागतो, तुम्ही त्याआधी जागा साफ केलीत की काम झालं.

मात्र सगळीच ऊसिस्ट संपवायच्या मागे लागू नका, ते होणारही नाही. थोडी थोडी पोटात गेली की पिल्लू त्या जातीविरुद्ध प्रतिकार कमावतं. म्हणून रोगाचा जोर साधारण तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांवर, आणि परसातली जुनी कोंबडी खुशाल उकिरडा उकरत फिरते. जाळीवर वाढवलेल्या, कधी विष्ठेशी संबंध न आलेल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, पुढे जमिनीवर सोडल्या की एकदम झटका बसतो, तो याच कारणानं.

औषधांबद्दल थोडक्यात. अ‍ॅम्प्रोलियम हे दुकानात सहज मिळणारं औषध. ते दिसायला ब-1 जीवनसत्त्वासारखं असतं. परजीवी जीवनसत्त्व समजून ते घेतो आणि उपाशी मरतो. आपल्याकडे काय करतात? पिल्लं मलूल झाली म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्सही ओततात. म्हणजे परजीवीला खरं ब-1 मिळालं आणि औषध वाया गेलं. दुकानदारही दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत घालून देतो, त्याला दोष द्यायचा नाही, त्याचा धंदा आहे. पण तुम्ही आधी अ‍ॅम्प्रोलियमचे दिवस पुरे करा, मग हवं तर जीवनसत्त्वं द्या. दुसरं, ब्रॉयलरच्या खाद्याच्या गोणीवर मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन लिहिलं आहे का ते वाचा, हीही या परजीवीवरचीच औषधं. असेल तर सर्दी-खोकल्याच्या इलाजात टायम्युलिन वापरू नका. टायम्युलिन आणि यांतलं कुठलंही एक एकत्र आलं की पक्षी पांगळे होऊन मरतात. औषध देताय तोवर आणि त्यानंतर बाटलीवर लिहिलेल्या दिवसांपर्यंत पक्षी विकायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता माणसांचं. इथे कोंबडीपेक्षा मला गोठ्यातलं वासरू जास्त काळजीचं वाटतं. एक ते तीन आठवड्यांच्या वासराला पिवळी पाण्यासारखी हगवण लागते, त्यामागे बऱ्याचदा क्रिप्टोस्पोरिडियम असतो. पूर्वी याची गणना सरळ कॉक्सिडियांत, म्हणजे आयमेरियाच्याच गटात, व्हायची, आता शास्त्रज्ञ त्याला थोडा बाजूला बसवतात. माणसात तो पहिल्यांदा नोंदला गेला 1976 साली. त्याची ऊसिस्ट आणखी बारीक, एका मिलिमीटरमध्ये 200 मावतील. आणि आयमेरियासारखी तिला पिकायला वेळ लागत नाही, विष्ठेतून बाहेर पडते तीच तयार होऊन. म्हणजे वासराचं शेपूट धुऊन तसाच हात तोंडाला लावला तर पुरे.

गोठा वरच्या अंगाला, विहीर खालच्या अंगाला, मध्ये जांभा दगड आणि वर चार महिने पाऊस. आपल्या वाड्यांचा नकाशा असाच असतो. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकते, ती टाकलीच पाहिजे, कॉलरा-काविळीसाठी ती हवीच. पण पिण्याच्या पाण्यात असतो तेवढ्या क्लोरीननं क्रिप्टोस्पोरिडियम मरत नाही. 1993 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या, गाळलेल्या नळाच्या पाण्यातून अंदाजे 4 लाख माणसं आजारी पडली, ती याच्यामुळे. तेव्हा पावसाळ्यात पाणी उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं. धडधाकट माणूस आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. वर्षाच्या आतलं मूल किंवा एचआयव्हीनं प्रतिकार खालावलेला माणूस मात्र सुकून जातो.

एचआयव्हीच्या रुग्णांत सिस्टोआयसोस्पोरा नावाचा आणखी एक आढळतो, आणि सायक्लोस्पोरा म्हणून तिसरा. सायक्लोस्पोराची ऊसिस्ट बाहेर पिकायला एक-दोन आठवडे घेते, म्हणून तो माणसाकडून माणसाकडे थेट येत नाही, दूषित पाण्यातून आणि कच्च्या भाजी-फळांतून येतो. 1996 साली ग्वाटेमालाच्या रासबेरींतून तो अमेरिका-कॅनडात पोचला होता. या दोघांवर को-ट्रायमोक्साझोल हे जुनं, स्वस्त औषध चालतं, पण डॉक्टरांनी निदान केल्यावर. आणि निदानातच गोम आहे. नेहमीच्या संडास-तपासणीत हे तिघंही निसटतात. क्षयाच्या थुंकीला लावतात त्या पद्धतीचा लाल रंग लावावा लागतो, आणि तो लावा असं कुणीतरी कागदावर लिहावं लागतं. हगवण दोन आठवड्यांवर गेली तर डॉक्टरांना तेवढं विचारा. घरात वासरू आहे हेही सांगा.

(श्रोत्यांतून प्रश्न: "डॉक्टरांनू, मगे मांजराक हाकलून देवचा काय?")

नको हो! टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचं नाव ऐकून आलात वाटतं. खरं आहे, त्याची ऊसिस्ट फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या विष्ठेतून पडते, हे 1970 च्या सुमारास पक्कं झालं. पण मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, एक-दोन आठवडे ती टाकतं, आणि ताजी विष्ठा निदान दिवसभर तरी निरुपद्रवी असते. मांजराला भुसभुशीत माती आवडते, म्हणजे तुमचं परसातलं भाजीचं आळं. तिथेच कोंबड्या उकरतात. कोंबडीला काही होत नाही, पण तिच्या मांसात परजीवीच्या गाठी राहतात. गावठी कोंबड्यांचं रक्त तपासून त्या भागातली माती किती दूषित आहे याचा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात, इतक्या त्या विश्वासू साक्षीदार. आपल्याकडे गावठी कोंबडी तासभर शिजते, त्यात काही उरत नाही. धोका कच्चं मांस कापलेल्या विळीवर, जर लगेच तिच्यावर काकडी चिरली तर. घरात गर्भार सून असेल तर आळ्यातली माती आणि मांजराची घाण यांना तिनं हात लावू नये, एवढं पाळा.

चिमण्यांबद्दल कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे. चिमण्यांमध्ये आयसोस्पोरा नावाची परजीवी असते, ती त्यांच्यापुरतीच. गंमत एवढीच की तिची ऊसिस्ट विष्ठेत सापडते ती मुख्यतः दुपार कलल्यावर. सकाळी तपासलीत तर चिमणी निरोगी वाटेल.

शेवटी नमुना कसा आणायचा ते. दवाखान्यात फक्त मेलेलं पिल्लू आणू नका, एखादं मरायला टेकलेलंही आणा. मेलेलं असेल तर काही तासांच्या आतलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दुसऱ्या पिशवीत बर्फ घालून शेजारी ठेवलेलं. फ्रीझरमध्ये गोठवू नका, आतड्याचा चोथा होतो. चार-पाच ठिकाणची ओली विष्ठा एका बाटलीत वेगळी. आणि खाद्याच्या गोणीवरचं लेबल कापून सोबत आणा, तेच बहुतेक जण विसरतात.